माहीसाठी वाट

निजामाच्या सबंध मुलखात, म्हणजे औरंगाबादेपासून थेट रायचुरापर्यंत, आमच्या हिच्या काकांइतका भित्रा माणूस दुसरा झाला नसेल, हे मी कुठल्याही देवळात उभा राहून सांगायला तयार आहे. भित्री माणसं मी पुष्कळ पाहिली. मी स्वतः त्यांतलाच एक. पण आमची भीती म्हणजे हौशी कारभार. अंधाराला भ्यायचं, सापाला भ्यायचं, वरिष्ठांना भ्यायचं, की संपलं. काकांनी भिण्याचं काम अंगावर घेतलं होतं आणि सकाळी डोळे उघडल्यापासून ते मन लावून करत. पाल चुकचुकली की ते दचकायचे, आणि राहायचे कुठं, तर बिंदुसरा नदीच्या काठी पाली नावाच्या गावात. बैल शिंकला की त्या दिवशी औत बंद. जेवायला बसायचे ते दाराकडे तोंड करून, एक पाय दुमडून आणि दुसरा उंबऱ्याच्या दिशेनं मोकळा सोडून. मी एकदा म्हटलं, "काका, असं अर्धवट बसून जेवलेलं अंगी कसं लागणार?" तर म्हणाले, "अंगी न्हाई लागलं तरी चालतंय, जावाईबापू. उठून पळता आलं पायजे." कुणापासून पळायचं ते विचारलं, तर भाकरीचा तुकडा मोडत शांतपणे म्हणाले, "त्ये आल्यावर कळंल."

सरकारचं तर नावच नको. चपराशाच्या छातीवरचा पितळी बिल्ला लांबून चमकला की काकांच्या पाचावर धारण बसायची. चावडीवरून जावं लागू नये म्हणून ते रोज ओढ्यातून, बाभळीच्या काट्यांतून वळसा घालून शेतात जात आणि दुपारी बांधावर बसून तळपायातले काटे काढत. शिक्का मारलेल्या कागदाला त्यांनी जन्मात हात लावला नव्हता. लग्नानंतर मी मोठ्या हौसेनं त्यांना खुशालीचं कार्ड पाठवलं. त्यावर टपालाचा शिक्का. काकांनी ते समन्स समजून चिमट्यानं उचललं आणि ज्वारीच्या कणगीत पुरून ठेवलं. पुढं दिवाळसणाला मी मनगटावर नवं घड्याळ बांधून गेलो, तर ते माझ्यापासून हातभर लांब सरकून बसले. "ह्ये कावून टिकटिक करतंय?" म्हणाले. म्हटलं, "वेळ सांगतंय, काका." त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "कुणाची?" मला हसू आवरेना. पण मी अंघोळीला गेलो तेव्हा घड्याळावर टोपली पालथी घालून वर पाटा ठेवलेला होता, आणि जोडीला घरातल्या सगळ्या बायका अंगणात काढलेल्या होत्या.

त्यांच्या बोलण्यानंही माझी फार करमणूक व्हायची. त्या भागात 'माझी' कुणी म्हणत नाही, 'माही' म्हणतात. माझं शिक्षण पडलं उर्दू-फारशीतून. बीडच्या शाळेत मौलवीसाहेबांनी छडीच्या जोरावर जे शब्द पाठ करून घेतले होते, त्यांत 'माही' म्हणजे मासा हा अगदी पहिल्या पानावरचा. त्यामुळे काका कौतुकानं "माही बायकू लई कष्टाची हाय," असं म्हणाले की माझ्या डोळ्यांपुढं चुलीपुढं बसलेली खवल्यांची चुलतसासू उभी राहायची. हिला मी ते सांगितलं, तेव्हा ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

काकांच्या भिण्याचा मला खरा फटका बसला तो हिला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा. मला कळून आठवडासुद्धा झाला नव्हता. हिनं कासारणीच्या तोंडी माहेरी गुपचूप निरोप धाडला, आणि तिसऱ्या दिवशी काका बैलगाडी घेऊन बीडला आमच्या दारात हजर. गाडीत गुडघाभर कडबा, त्यावर दोन वाकळी, कडेला पाण्याची घागर, आणि बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांत चिंध्या कोंबलेल्या, वाटेत कुणाचं लक्ष जायला नको म्हणून. आई बिचारी समजावून थकली, की अहो, पद्धत सातव्या महिन्याची असते, आत्ताशी दुसरा लागतोय. काका मान खाली घालून एकच म्हणत राहिले, "सातव्याला वाट असंल का न्हाई, कुणी बघितलंय? आज मोकळी हाय. आज नेतो." अखेर घेऊनच गेले. ही दुसऱ्या महिन्यात गेली ती थोरली चार महिन्यांची झाल्यावर परत आली, आणि तेवढे सगळे महिने मी आईचे टोमणे ऐकत काढले. तेव्हा मला वाटलं, ही भीती नव्हे, हे निव्वळ वेड आहे.

असा हा माणूस पाण्याला मात्र भीत नसे. त्यांच्या शेताला लागून नदीचा एक डोह होता. गावातले पट्टीचे पोहणारेसुद्धा त्याला जपून असत. काका त्यात छातीपर्यंत उतरून निवांत उभे राहत. पिठाच्या गोळ्या हातात धरलेल्या असत आणि मासे येऊन त्यांची बोटं चुंबत. काका माळकरी, मासळी त्यांच्या घरात शिजत नव्हती. पण मरळ कुठं पिल्लं राखत बसते, वाम दिवसा कोणत्या कपारीत असते, हे भोयांनी त्यांना विचारावं इतकं त्यांना ठाऊक होतं. आषाढात नदी भरली की खालच्या अंगानं, थेट सिंदफणा नदीकडून, अंड्यांनी पोट फुगलेली मासळी प्रवाह चढून वर येते. तिला सगळीकडे चढणीचे मासे म्हणतात. काका म्हणायचे, "लेकी आल्या." बाळंतपणाला लेकी माहेरी येतात तशा या येतात, डोहाच्या वरच्या उथळात, गवताच्या मुळांशी मोकळ्या होतात आणि पिल्लांना घेऊन पाण्याबरोबर खाली जातात, असा त्यांचा हिशेब. ते दिवस काका खडकाच्या पायऱ्यांवर काठी घेऊन बसत. काठी नुसती नावाला. कुणी जाळं घेऊन आलं की स्वतःच उठून हात जोडत. "बाबा, आवघडलेली हाय ती," म्हणत, आणि त्याच्या जाळ्यात शेतातल्या शेंगा भरून परत पाठवत. आवघडलेली असा शब्द माणसाच्या बाईसाठीच असतो, हे ऐकून जाळंवालाही वरमायचा.

इतकं सांगितल्यावर मी आता माझ्या नोकरीचं सांगतो, आणि ते सांगताना मला आजही थोडं शरमल्यासारखं होतं. मी एका जहागीरदारांच्या कचेरीत अहलकार, म्हणजे साध्या भाषेत कारकून होतो. जहागीरदार वाढलेले हैदराबादेत. तिथं त्यांनी बटण दाबलं की दिवा लागतो हे पाहिलं होतं, आणि इथं हवेलीत कंदिलाच्या काजळीनं त्यांचा जीव घुसमटत होता. एक इंजिनेरसाहेब आले. त्यांनी पंधरा दिवस साखळ्या टाकून नदी मोजली आणि सांगितलं, की डोंगराचा उतार छान आहे, बिंदुसरेच्या पाण्यावर बिजली काढता येईल. लोकांनी लगेच त्याला बिजलीची पाणचक्की असं नाव दिलं. बेत असा, की काकांच्या डोहाच्या खालच्या तोंडाशी आडवी भिंत घालायची, अडलेलं पाणी पाटानं डोंगराच्या कडेकडेनं न्यायचं, पाव कोसावर ते एका लोखंडी नळातून खाली सोडायचं, त्या जोरावर चक्र फिरवायचं आणि मग पाणी परत नदीत. पाणी कुठं जाणार नाही, कुणाचं एक घागरभर कमी होणार नाही, असं इंजिनेरसाहेब सगळ्यांना सांगत, आणि ते खरंच होतं. फक्त बिंदुसरेला भरपूर पाणी असतं ते पावसाळ्याचे चार महिने. चक्की जोरात चालणार ती तेव्हाच, आणि मासळी चढते तीही तेव्हाच. हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, कारण नकाशात मासे काढत नाहीत.

नकाशाची उर्दूतली टिपणं माझ्याच हातची. त्यामुळे मी मोठ्या रुबाबात काकांना समजावून सांगायला बसलो. अंगणातल्या धुळीत बोटानं भिंत काढली, पाट काढला, चक्र काढलं. काका उकिडवे बसून बराच वेळ बघत राहिले. मग भिंत आणि चक्र यांच्या मधल्या रिकाम्या जागेवर त्यांनी बोट टेकवलं. "आन हितं?"

"इथं काही नाही, काका."

"हितं नदी हाय."

"आता नसेल. पाणी वरून पाटानं जाईल ना."

"मग लेकी कुठून येत्याल?"

मी त्या रिकाम्या जागेत बोटानं एक रेघ ओढली आणि लगेच पुसून टाकली. काका उठले, आत गेले आणि त्या दिवशी जेवले नाहीत. मी हिला म्हटलं, तुझ्या काकांच्या भित्रेपणाची आता कमाल झाली, माशांसाठी उपास धरलाय. तेव्हा हिनं मला जे सांगितलं, ते तिच्या माहेरी कुणी मोठ्यानं बोलत नसे.

काकांना एक मुलगी होती. केजकडे दिलेली. प्लेगाच्या साली ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी निघाली. घाटाच्या तोंडाशी प्लेगाचा नाका बसलेला. लाकडी अडसर, दोन शिपाई, आणि केजकडून येणाऱ्या प्रत्येकानं मुदत संपेपर्यंत तिथंच थांबायचं असा हुकूम. काका गाडी घेऊन अलीकडे गेले होते. पलीकडे, हाकेच्या अंतरावर, झाडाखाली मुलीची गाडी सोडलेली. तिनं बापाला ओळखून "आबा, आबा" म्हणून हाका मारल्या. अडसर कमरेइतकाच उंच होता. शिपायानं बिल्ला दाखवून दरडावलं आणि काका जागच्या जागी उभे राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी ती त्या झाडाखालीच बाळंत व्हायला लागली आणि तिथंच गेली. मूलही गेलं. "तेव्हापासून ते कुणाला अडवलेलं बघू शकत नाहीत," एवढं बोलून ही भाकऱ्या थापायला वळली. मला त्या घुंगरांतल्या चिंध्या आठवल्या. त्यांना वेड म्हणून मी हसलो होतो.

भिंत उन्हाळ्यात उभी राहिली. तोवर सगळ्या पंचक्रोशीला काकांची लागण झाली होती. पाण्याचं चक्र बळी घेतल्याशिवाय फिरत नाही अशी आवई उठली आणि बाया पोरांना घराबाहेर पडू देईनात. अनोळखी फेरीवाला दिसला की दारं धडाधड लागत. गुरंसुद्धा त्या बाजूला चरायला कुणी सोडेना. मजा अशी, की एवढ्या घबराटीत काका त्या आवईला तेवढे भ्याले नाहीत. "मानसं पळत्याल, जावाईबापू. त्यांला पाय हायेत," म्हणाले. ते रोज त्या भिंतीकडे बघत आणि दरवेळी आणखी थोडे वाकलेले दिसत. मी मात्र आता दोन्ही बाजूंनी भीत होतो. काकांकडे बघून भ्यायचो, आणि कचेरीत गेलं की आपण काकांचे जावई आहोत हे कुणाला कळू नये म्हणून भ्यायचो.

आषाढात पाणी आलं. चक्र चालू करायला सरकारची परवानगी लागत होती. तालुकदारसाहेब, म्हणजे त्या वेळचे जिल्ह्याचे मुख्य अधिकारी, मुआयन्याला, पाहणीला, येणार असं ठरलं. भिंतीजवळच्या उंचवट्यावर शामियाना ठोकला. भर दुपारची वेळ. साहेब वृद्ध, पांढरी दाढी, मराठीचा गंध नाही. जहागीरदार एका बाजूला, इंजिनेरसाहेब दुसऱ्या, आणि दुभाषा म्हणून कागद-कलम घेऊन मी मागं. काठावर अख्खं गाव. इंजिनेरसाहेबांनी हात केला आणि गड्यांनी भिंतीतला दरवाजा खाली सोडला.

त्यानंतर जे झालं त्याची मला कल्पना नव्हती. मी पाण्याचा विचार केला होता, आवाजाचा केला नव्हता. त्या खोऱ्यात पावसाळाभर नदीचा आवाज इतका कानात बसलेला असतो की तो ऐकूच येत नाही. तो थांबला. हळूहळू नाही, कुणी बोलता बोलता दार ओढून घ्यावं तसा थांबला. काठावरची माणसं बोलायची बंद झाली. खालचे खडक एकेक करून पाण्यातून वर आले, काळे, ओले, कुणी कधी न पाहिलेले. आणि मग दुसरा आवाज सुरू झाला, ओलं धोतर दगडावर आपटावं तसा, आधी एक, मग चार, मग मोजता येईनात इतके. चढणीची मासळी होती ती. मधल्या पाव कोसात जेवढी होती तेवढी उघडी पडली होती, आणि जी पुढं आली होती ती भिंतीच्या पायथ्याशी उरलेल्या वीतभर पाण्यातून उड्या मारून दगडावर आपटत होती, खाली पडत होती, पुन्हा उडी मारत होती. डोहातली काही खाली वाहत निघालेली मासळी पाटात शिरली असावी, कारण थोड्या वेळानं चक्राकडचा एक गडी ओंजळीत काहीतरी घेऊन वर आला. तुकडे होते. त्यात अंडी होती. इंजिनेरसाहेब म्हणाले, कचरा आहे, नळाला जाळी बसवू. मला वाटलं, आवई खोटी नव्हती, फक्त बळी कुणाचा ते लोकांना कळलं नव्हतं.

टोपल्या घेऊन आलेली माणसंही खाली उतरायला कचरत होती. तेवढ्यात काठावरून कुणीतरी एकटंच खाली उतरलं. आधी मी ओळखलंच नाही, कारण काकांना मुंडाशाशिवाय मी कधी पाहिलं नव्हतं. मुंडासं त्यांनी सोडून झोळीसारखं हातात घेतलं होतं. ते भिंतीच्या पायथ्याशी बसले, दोन-तीन मासे झोळीत घेतले, भिंतीच्या दगडांत बोटं खुपसून वर चढले आणि पलीकडच्या पाण्यात झोळी मोकळी केली. पुन्हा उतरले. पुन्हा चढले. भिंतीवर जहागीरदारांचा रोहिला पहारेकरी बंदूक घेऊन उभा, छातीवर ताटलीएवढा पितळी बिल्ला. तो ओरडला. काका थरथरत होते. पण ते चढत राहिले. तिसऱ्या खेपेला रोहिल्यानं त्यांना दंडाला धरलं आणि भरल्या झोळीसकट ओढत शामियान्यात आणून उभं केलं.

मुंडाशातून पाणी गळत होतं आणि आत काहीतरी फडफडत होतं. तालुकदारसाहेबांनी त्याकडे बोट करून विचारलं, "ये क्या है?"

मी म्हटलं, "काका, साहेब विचारतात, हे काय आहे?" काका म्हटल्यावर मी जीभ चावली, पण शब्द गेला होता. जहागीरदारांचे दिवाणजी, पक्के मराठी, त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं.

काकांनी झोळी छातीशी धरली. साहेबांकडे नाही, माझ्याकडेही नाही, कुठंतरी लांब, घाटाकडे बघत ते म्हणाले, "माही हाय."

साहेबांना तर्जुम्याची गरज पडली नाही. "माही है," ते मान हलवत म्हणाले, "वो तो हम देख रहे हैं." शेजारच्या पेशकारानं लिहून घेतलं, भिंतीखाली मासळी आहे. मी काय सांगणार होतो? की हुजूर, हा तुमचा शब्द नाही, हा आमचा शब्द आहे, याचा अर्थ माझी?

"कितनी है?" साहेबांनी विचारलं.

"किती आहे, काका?"

"येकच व्हती," काका म्हणाले.

दिवाणजी अजून माझ्याकडेच बघत होते. जहागीरदार बघत होते. एक शब्द बरोबर सांगितला असता तर सगळं तिथंच संपलं असतं. एका माशासाठी कोण भिंत फोडतं? मी जन्मभर वरिष्ठांना बरोबर तेच सांगत आलो होतो जे कागदावर होतं. आणि आता मी माझ्याच आवाजात ऐकलं, "बेशुमार, हुजूर."

दिवाणजींच्या भुवया वर गेल्या, पण साहेबांपुढं तेही बोलले नाहीत. साहेब खालच्या उघड्या पडलेल्या पात्राकडे बघत होते. त्यांनी शेवटचा प्रश्न विचारला, की बंदुकीसमोर भिंतीवर चढायला या बुढ्याला डर लागला नाही का. मी तो काकांना सांगितला.

"लई लागला," काका म्हणाले. "तवा बी लागला व्हता. तवा उबाच ऱ्हायलो."

"डर लगा, हुजूर," मी सांगितलं. "फिर भी चढ़ा." यापेक्षा जास्त मला सांगता आलं नाही.

साहेबांनी आधी दरवाजा उचलायला लावला. नदीचा आवाज परत आला तेव्हा काठावरच्या बाया रडायला लागल्या आणि मग कावून रडतोय म्हणून एकमेकींना विचारायला लागल्या. काकांना सोडून दिलं. ते झोळी घेऊन तसेच डोहात उतरले. पुढं मला कुणीतरी सांगितलं की साहेब लहानपणी कुठल्याशा दर्ग्याच्या हौदातल्या माशांना रोज पिठाच्या गोळ्या घालत. असेल. महिन्याभरात लेखी हुकूम आला, की भिंतीच्या एका अंगाला खिंड ठेवावी, तिला खडकाच्या पायऱ्या कराव्या, आणि बरसातीचे चार महिने ती बंद करू नये. तो हुकूम गावाला वाचून दाखवायचं काम माझ्याकडेच आलं, आणि ते त्या कचेरीतलं माझं शेवटचं काम ठरलं. दिवाणजी काही विसरले नव्हते.

चावडीवर सगळा गाव जमला होता. काका पहिल्यांदाच सरळ रस्त्यानं आले, पण बसले ते दाराशी, एक पाय बाहेर ठेवून. मी उर्दू वाचत होतो आणि मराठीत सांगत होतो. "माही के वास्ते रास्ता खुला रखा जाए," असं वाक्य होतं. मासळीसाठी, असं मी म्हणायला हवं होतं. दाराकडे बघितलं आणि म्हटलं, "माहीसाठी वाट मोकळी ठेवावी."

काका उठून पुढं आले. "माहीसाठी? असं लिव्हलंय?"

"असंच लिहिलंय, काका."

त्यांनी त्या कागदावरच्या लाल शिक्क्यावर बोट टेकवलं. आयुष्यात पहिल्यांदा. मग अगदी हळू विचारलं, "सायबाला कसं कळलं?"

मी पुढची ओळ वाचायला घेतली.

त्या खिंडीला लोक माहीची मोरी म्हणू लागले. तिच्यातून मासळी वर यायची, पण पूर्वीइतकी नाही. हुकूम बरसातीपुरता होता. पाऊस सरला की मोरी बंद व्हायची आणि मधला पाव कोस कोरडा पडायचा, परतीला निघालेली पिल्लं खड्ड्यांत अडकायची, आणि काका ती घागरीतून चक्रापलीकडे नेऊन सोडायचे. वाम तर पुन्हा कुणाला दिसली नाही. पाणी वाटलं गेल्यामुळे हवेलीतले दिवेही मिणमिणतेच लागायचे, आणि काही वर्षांनी चक्र गंजून बंद पडलं. काका शेवटपर्यंत पालीला, बैलाच्या शिंकेला आणि माझ्या घड्याळाला भीत राहिले. अखेरच्या आजारात मी भेटायला गेलो, तर पुन्हा तोच प्रश्न. "त्या सायबाला कुणी सांगितलं आसंल वो?"

"तुम्हीच सांगितलंत, काका. शामियान्यात. मी तिथं होतो."

मग त्यांनी मान हलवली. "न्हाई. माही कुठं येवढी छाती."

गेल्या आठवड्यात थोरलीचं पत्र आलं. सातवा लागला, येत्या गुरुवारी पोचते म्हणून. येते ती एस.टी.नं, केजकडूनच, चांगल्या डांबरी रस्त्यानं, आणि घाटात अडवायला आता कुणी बसलेलं नाही. हे सगळं मला माहीत आहे. तरी आज गुरुवारी सकाळीच मी टोपी घालून निघालो, तेव्हा ही म्हणाली, "अहो, गाडी तर संध्याकाळची आहे." म्हटलं, असू दे. वाट मोकळी आहे का, तेवढं बघून येतो.